पाळण्यातील दिवस आणि मेंदूची घडण

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. मूल पुढे कसे निघणार याची चिन्हे त्याच्या अगदी लहानपणीच उमटतात, असा तिचा रूढ अर्थ. या म्हणीत पाय मुलाचे आहेत आणि पाहणारे आपण आहोत. पाळण्याकडे मात्र कोणाचे लक्ष नाही. तो पाळणा कोणी हलवतो की नाही, त्यातून उठणाऱ्या रडण्याला कोणी ओ देतो की नाही, त्यावर वाकून पाहणारा चेहरा दररोज तोच असतो की दर पाळीला बदलतो, हे प्रश्न म्हणीच्या कक्षेत येत नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यापासून जगातील काही शास्त्रज्ञांनी नेमके हेच प्रश्न विचारले. त्यांना जी उत्तरे मिळाली ती आई-बापांनी, शिक्षकांनी आणि राज्यकर्त्यांनीही ऐकावी अशी आहेत. आजच्या भाषणात त्यांचाच थोडक्यात परामर्श घ्यावयाचा आहे.

प्रथम मेंदूविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत. नुकत्याच जन्मलेल्या बालकाच्या मेंदूचे वजन साधारणपणे ३५० ते ४०० ग्रॅम असते. प्रौढ माणसाच्या मेंदूचे १३०० ते १४०० ग्रॅमच्या आसपास भरते. या वाढीचा फार मोठा भाग पहिल्या दोन वर्षांतच उरकलेला असतो. प्रौढाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि त्यांपैकी बहुतेक सर्व जन्माच्या वेळीच तयार असतात. मग वाढते ते काय? तर या पेशींचे फाटे आणि त्यांच्यातील अनुबंध. एका पेशीचा संदेश दुसरीला ज्या सांध्यातून पोचतो त्या सांध्यांचे जाळे या वर्षांत अत्यंत वेगाने विणले जाते. शिकागो येथील पीटर हटनलोखर या वैद्याने १९७९ साली मृत व्यक्तींच्या मेंदूंचे सूक्ष्म निरीक्षण करून दाखवून दिले, की मेंदूच्या पुढच्या भागातील हे सांधे लहान मुलात प्रौढापेक्षा पुष्कळच दाट असतात आणि पुढे ते हळूहळू विरळ होत जातात. निसर्ग येथे एखाद्या माळ्यासारखा वागतो. आधी रोपे दाट येऊ द्यावयाची आणि मग विरळणी करावयाची, अशी त्याची रीत. जे अनुबंध वारंवार वापरात येतात ते पक्के होतात. ज्यांना काम मिळत नाही ते गळून जातात.

काम मिळत नाही म्हणजे काय होते, याचे अगदी स्वच्छ उदाहरण डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन वीझेल या दोघा संशोधकांनी १९६३ साली प्रसिद्ध केले. त्यांनी मांजरीच्या पिलाची एक पापणी जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत शिवून बंद ठेवली आणि काही काळाने उघडली. डोळा निर्दोष होता, पण मेंदू त्या डोळ्याचे ऐकेनासा झाला होता. त्याच्या वाट्याची जागा दुसऱ्या डोळ्याने व्यापली होती. हाच प्रयोग पूर्ण वाढलेल्या मांजरावर केला असता काहीच बिघडले नाही. दृष्टीची घडण होण्याचा एक विवक्षित काळ असतो आणि त्या काळात प्रकाश मिळाला नाही, तर पुढे कितीही लख्ख ऊन पडले तरी त्याचा उपयोग बेताचाच होतो, हे यावरून सिद्ध झाले. या दोघांना पुढे १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जन्मजात मोतीबिंदू असलेल्या बालकाची शस्त्रक्रिया शक्य तितक्या लवकर करावी, असा जो आग्रह नेत्रवैद्य धरतात, त्यामागेही हेच कारण आहे.

डोळ्याला जसा प्रकाश, तसे मुलाच्या भावनेला आणि बुद्धीला काय लागते? अन्न आणि वस्त्र लागते, हे उघड आहे. पण तेवढ्याने भागते काय?

या प्रश्नाला पहिले धक्कादायक उत्तर रेने स्पिट्झ या मानसवैद्याने १९४५ साली दिले. त्याने दोन संस्थांतील बालकांची तुलना केली. एक संस्था होती कारागृहाला जोडलेले पाळणाघर. तेथे शिक्षा भोगणाऱ्या स्त्रिया आपापल्या मुलांना स्वतः वाढवीत. दुसरे होते निराधार अर्भकांचे आश्रयस्थान. तेथील स्वच्छता वाखाणण्यासारखी होती, आहार ठीक होता, वैद्य नियमाने येत. परंतु सुमारे आठ मुलांमागे एकच परिचारिका असे आणि खाटांच्या कठड्यांवर चादरी टाकलेल्या असल्यामुळे मुलाला वरच्या छताखेरीज काही दिसत नसे. वर्षाच्या आरंभी या आश्रयस्थानातील बालकांचा विकासांक सरासरी १२४ होता; वर्षाअखेर तो ७२ वर घसरला. कारागृहातील मुलांचा विकासांक मात्र १०० च्या किंचित वरच राहिला. आश्रयस्थानातील मुले रोगांनाही सहज बळी पडली आणि दोन वर्षांच्या आत त्यांच्यापैकी एकतृतीयांशाहून अधिक मुले दगावली. कारागृहात आई होती, आश्रयस्थानात ती नव्हती, एवढाच काय तो ठळक फरक.

इंग्लंडमधील जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात अशा निरीक्षणांची संगती लावली आणि मुलाला एखाद्या व्यक्तीशी जिव्हाळ्याचे, अखंड नाते जडणे ही मानसिक आरोग्याची पायाभूत गरज आहे, असे प्रतिपादन केले. अमेरिकेत हॅरी हार्लो यांनी १९५८ च्या सुमारास माकडांच्या पिलांवर केलेले प्रयोगही याच दिशेने बोट दाखवीत होते. त्यांनी पिलांपुढे दोन कृत्रिम आया ठेवल्या. एक तारेची, पण दूध देणारी; दुसरी मऊ कापडाची, पण दूध न देणारी. पिले भूक लागली म्हणजे तारेच्या आईकडे जात आणि पोट भरताच परत कापडी आईला बिलगून बसत. माया ही दुधाच्या पोटी जन्मते असे त्या काळचे अनेक पंडित मानीत. पिलांनी त्यांना खोटे पाडले. मात्र हीच पिले समवयस्कांच्या सहवासाशिवाय वाढली, तेव्हा ती मोठेपणी भित्री, एककल्ली आणि आक्रमक झाली, हेही विसरता येत नाही. कापडी आई बिलगू देत असे. ती प्रतिसाद मात्र देऊ शकत नव्हती.

आता हे सारे शरीरात घडते कसे, ते पाहू. संकट समोर आले म्हणजे मेंदूतील अधोथॅलॅमस हा लहानसा भाग पोष ग्रंथीला इशारा देतो, पोष ग्रंथी मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना जागे करते आणि त्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचा स्राव रक्तात सोडतात. साखर वाढते, लक्ष एकवटते, शरीर पळण्यास किंवा लढण्यास सिद्ध होते. ही योजना मोठी उपकारक आहे. ती नसती तर मानवजात टिकली नसती. संकट टळले म्हणजे हाच स्राव मेंदूला जाऊन सांगतो, की आता पुरे. १९६८ साली ब्रूस मॅकएवन यांनी उंदरांवरील संशोधनातून दाखविले, की हा निरोप घेणारी ग्राहके मेंदूच्या हिपोकॅम्पस या भागात विपुल असतात. स्मरणशक्तीचे हे एक मुख्य ठाणे. म्हणजे ज्या ठिकाणी आठवणी घडतात, त्याच ठिकाणी ताणाचा लगामही आहे.

तान्ह्या मुलाला मात्र हा लगाम स्वतः आवरता येत नाही. त्याला भूक लागली, थंडी वाजली, दचकायला झाले, तर ते पळू शकत नाही आणि लढू तर मुळीच शकत नाही. त्याच्यापाशी एकच साधन, ते म्हणजे रडणे. रडणे ऐकून कोणी धावून आले, छातीशी धरले, दोन शब्द बोलले, की त्याच्या रक्तातील तो स्राव ओसरू लागतो. असे दिवसातून वीस वेळा घडते आणि वर्षानुवर्षे घडते. त्यातून मुलाचा मेंदू दोन गोष्टी शिकतो. हाक मारली की ओ मिळते, ही एक. आणि वाढलेली घालमेल पुन्हा शांत होते, ही दुसरी. जेथे ओ मिळत नाही, तेथे मुलाची ताणयंत्रणा एकतर सतत जागी राहते किंवा थकून बधिर होते. दोन्ही अवस्था वाईटच.

कॅनडातील माँट्रिअल येथे मायकेल मीनी आणि त्यांचे सहकारी यांनी उंदरांच्या संदर्भात या गोष्टीचा खोलवर शोध घेतला. उंदरांच्या काही माद्या आपल्या पिलांना पुष्कळ चाटतात, तर काही थोडे. पुष्कळ चाटल्या गेलेल्या पिलांची ताणयंत्रणा मोठेपणी संयमित असते, असे त्यांनी १९९७ साली दाखविले. यावर कोणी म्हणेल, हा आनुवंशिक गुण असेल. म्हणून त्यांनी पिलांची अदलाबदल केली. कमी चाटणाऱ्या आईची पिले जास्त चाटणाऱ्या आईकडे वाढली, तेव्हा ती पोसणाऱ्या आईवर गेली. २००४ साली त्यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. ज्या जनुकाच्या आधारे हिपोकॅम्पसमध्ये त्या लगामाची ग्राहके तयार होतात, त्या जनुकावर कमी चाटलेल्या पिलांत रासायनिक खुणा अधिक चिकटलेल्या आढळल्या. त्यांमुळे ते जनुक जणू अर्धवट मिटलेले राहते. जनुकाची अक्षरे तीच, पण त्यांचे वाचन वेगळे. उंदराचे माप जसेच्या तसे माणसाला लावता येत नाही, हे खरे. तरी आईच्या जिभेचा स्पर्श पिलाच्या पेशींच्या गाभ्यापर्यंत कसा पोचतो, याचा एक मार्ग तरी यामुळे उजेडात आला.

परंतु प्रश्न माणसाच्या मुलांचा होता आणि तेथे एक मोठी अडचण होती. अनाथालयातील मुले मागे पडतात ती तेथील वातावरणामुळे, की मुळातच अशक्त किंवा आजारी मुले तेथे सोडली जातात म्हणून? ज्या मुलांना कोणी दत्तक घेते ती आधीच हुशार आणि हसरी म्हणून निवडली गेलेली असतात काय? या शंकेचे निरसन झाल्याखेरीज निर्णायक काही सांगता येत नव्हते. ते झाले रुमानिया देशात, आणि त्यामागे एक दुःखद इतिहास आहे.

रुमानियाचा हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कू याने देशाची लोकसंख्या वाढवावी या हेतूने १९६६ साली गर्भपातावर कडक बंदी घातली; संततिनियमनाची साधनेही दुर्मीळ झाली. ज्यांना पोसण्याची ऐपत नव्हती अशा घरांत मुले जन्मास आली आणि त्यांतील कितीतरी सरकारी बालकगृहांत जाऊन पडली. सरकार आपल्या मुलांचा सांभाळ आई-बापांपेक्षा अधिक चांगला करील, असे लोकांना सांगितले जात होते. १९८९ च्या डिसेंबरात ती राजवट कोसळली, तेव्हा एक लाखाहून अधिक मुले अशा संस्थांत असल्याचे जगाला कळले. एकेका दाईकडे बारा-पंधरा मुले असत. घड्याळाच्या ठोक्यावर दूध, घड्याळाच्या ठोक्यावर आंघोळ, मधल्या वेळात पांढरे छत. तेथे गेलेल्या अनेकांनी एक गोष्ट आवर्जून नमूद केली आहे. तान्ह्या मुलांनी भरलेली ती दालने विलक्षण शांत होती. मुले रडत नव्हती. हाकेला ओ मिळत नाही हे त्यांना कळून चुकले होते.

याच देशाच्या राजधानीत, बुखारेस्ट येथे, चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या तिघा अमेरिकी संशोधकांनी २००० साली एक दीर्घ अभ्यास आरंभिला. सहा संस्थांतील ६ ते ३१ महिने वयाची १३६ मुले त्यांनी घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे निव्वळ योगायोगाने त्यांचे दोन गट पाडले. ६८ मुलांना प्रतिपालक कुटुंबांत ठेवले आणि ६८ मुलांचा पूर्वीचाच सांभाळ चालू राहिला. त्या काळी बुखारेस्टमध्ये अशी प्रतिपालक कुटुंबे जवळजवळ नव्हतीच. ती संशोधकांना शोधून, शिकवून, पगार देऊन उभी करावी लागली. शिवाय आपापल्या घरी वाढणारी ७२ मुले तुलनेसाठी घेतली.

हे ऐकून कोणाच्याही मनात विषाद उत्पन्न होईल. निम्म्या मुलांना घर द्यावयाचे आणि निम्म्यांना मुद्दाम ठेवून द्यावयाचे, हे नीतीला धरून आहे काय? संशोधकांनाही हा प्रश्न टाळता आला नाही. त्यांचे उत्तर असे, की जेवढी कुटुंबे उभी करता आली तेवढ्याच मुलांना घर देणे शक्य होते. कोणाही मुलाची स्थिती अभ्यासामुळे आधीपेक्षा वाईट झाली नाही. आणि संस्थेतील एखाद्या मुलाला पुढे घर मिळाले, तर त्याला कोणी अडविले नाही. अनाथालय बरे की कुटुंब, याविषयी त्या देशातील अधिकाऱ्यांत खरोखरच मतभेद होते, हेही लक्षात घेतले पाहिजे. हे समाधान पुरेसे आहे की नाही, याचा निर्णय ज्याने त्याने करावा. त्या मुलांनी मात्र आपल्या आयुष्याची किंमत देऊन जगाला काही शिकविले, हे निर्विवाद.

काय शिकविले? साडेचार वर्षांच्या वयात संस्थेतील गटाचा सरासरी बुद्ध्यंक ७३ भरला, कुटुंबात गेलेल्यांचा ८१ आणि जन्मापासून घरी वाढलेल्यांचा १०९. कुटुंबाने निश्चित लाभ झाला, पण झालेली सारी हानी भरून निघाली नाही. मग आकडे जरा बारकाईने पाहिले, तेव्हा वयाचे महत्त्व दिसून आले. जी मुले दोन वर्षे पुरी होण्याच्या आत घरी गेली, त्यांची भरपाई पुष्कळ अधिक झाली. आठव्या वर्षी घेतलेल्या मेंदूच्या विद्युत्-आलेखांतही तेच दिसले. लवकर कुटुंबात गेलेल्या मुलांचे आलेख घरच्या मुलांसारखे होते. उशिरा गेलेल्यांचे संस्थेतील मुलांच्या जवळचे. चुंबकीय प्रतिमांत असे आढळले, की संस्थेत दिवस काढलेल्या दोन्ही गटांत मेंदूचा करडा पदार्थ कमी होता. मात्र पेशींना परस्परांशी जोडणाऱ्या तंतूंचा पांढरा पदार्थ कुटुंबात गेलेल्या मुलांत बऱ्याच अंशी सावरला होता.

वागणुकीवरचा परिणामही एकसारखा नव्हता. अंग झुलवीत बसणे, हात हलवीत राहणे अशा ज्या सवयी एकाकी मुलांना लागतात, त्या कुटुंबात गेल्यावर झपाट्याने कमी झाल्या. चिंता आणि उदासी कमी झाली. पण लक्ष एका ठिकाणी न ठरणे आणि अंगात सतत चुळबुळ असणे, हे दोष फारसे हटले नाहीत. आणखी एक लक्षण मोठे चटका लावणारे आहे. अशी काही मुले कोणाही अनोळखी माणसाला मिठी मारतात, त्याचा हात धरून निघून जातात. पाहणाऱ्याला वाटते, किती लाघवी मूल! वास्तविक आपले कोण आणि परके कोण हा भेद शिकण्याची संधीच त्याला मिळालेली नसते.

इंग्लंडमधील कुटुंबांनी दत्तक घेतलेल्या रुमानियन मुलांचा मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास याला पूरक आहे. सहा महिन्यांच्या आत इंग्लंडात आलेली मुले बहुधा इतरांसारखीच वाढली. त्याहून उशिरा आलेल्यांपैकी अनेकांना मोठेपणीही अडचणी राहिल्या. २०२० साली त्यांच्यातील ६७ तरुण-तरुणींच्या मेंदूंचे मापन प्रसिद्ध झाले. लहानपणी असा अभाव न सोसलेल्या दत्तक मुलांपेक्षा त्यांच्या मेंदूंचे आकारमान सरासरीने ८.६ टक्के कमी होते. आणि अनाथालयात काढलेला प्रत्येक जादा महिना सुमारे तीन घन सेंटिमीटर घटीशी निगडित होता. वीस वर्षांच्या मायेनंतरही ती नोंद पुसली गेली नव्हती. पण याच अभ्यासात सुमारे पाचवा हिस्सा मुले अशीही होती, की दीर्घकाळ संस्थेत राहूनही ज्यांना कोणत्याही वयात लक्षणीय अडचण जाणवली नाही. हे दुसरे सत्य पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे.

आतापर्यंत आपण अभावाचा विचार केला. पण बालपणीचे दुसरे एक संकट आहे, आणि ते म्हणजे भय. घरात माणसे आहेत, पण त्यांतील एखाद्याचा हात केव्हा उगारला जाईल याचा नेम नाही, अशा घरातील मूल वेगळेच शिकते. सेथ पोलक या संशोधकाने मारहाण सोसलेल्या मुलांना चेहऱ्यांची चित्रे दाखविली. प्रथम अत्यंत अस्पष्ट, मग क्रमाक्रमाने स्पष्ट. या मुलांनी रागाचा चेहरा इतर मुलांपेक्षा लवकर, अगदी पुसट असतानाच ओळखला. त्यांच्या घरी ते कौशल्य अत्यावश्यकच होते. राग आधी कळला तर निदान दाराआड होता येते. शाळेत मात्र तेच कौशल्य अंगाशी येते. गुरुजींची साधी आठी त्याला धमकी वाटते, सोबत्याचा धक्का हल्ला वाटतो आणि ते उलट हात उगारते. आपण त्याला उद्धट म्हणतो, मस्तीखोर म्हणतो, वर्गाबाहेर उभे करतो. भयाची दखल घेणारा मेंदूतील अमिग्डाला हा भाग अशा मुलांत अधिक तत्पर असतो आणि त्याला आवर घालणारा कपाळामागचा भाग तर विशीच्या पुढेपर्यंत पक्व होत असतो. म्हणजे त्या मुलाचा मेंदू बिघडलेला नसतो. ज्या जगात तो वाढला त्या जगाला तो अगदी योग्य असतो. जग बदलले तरी मेंदू तितक्या लवकर बदलत नाही, हे खरे दुखणे.

हे परिणाम मनापुरतेच राहत नाहीत. १९९८ साली व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी अमेरिकेतील सॅन डिएगो येथील हजारो प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मारहाण, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारझोड, घरातील व्यसनाधीनता, कोणी कारागृहात असणे, अशा प्रकारांपैकी चार किंवा अधिक प्रकार ज्यांनी लहानपणी अनुभवले होते, त्यांच्यात दारूचे व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचे प्रमाण इतरांपेक्षा चार ते बारा पटींनी अधिक आढळले. हृदयविकारासारखे रोगही त्यांच्यात अधिक होते.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. हे आकडे समुदायाविषयी बोलतात, एकट्यादुकट्या माणसाविषयी नव्हे. अमक्याच्या वाट्याला लहानपणी इतके आघात आले, सबब त्याचे भवितव्य असे असे, असे गणित मांडणे चूक आहे. खुद्द अँडा यांनीच २०२० साली तसा वापर करू नये असे स्पष्टपणे बजावले. पत्रिकेतील ग्रह काढून त्यांच्या जागी मेंदूची चित्रे बसवावयाची, असे झाले तर शास्त्राचा उपयोग काय? ज्या श्रोत्यांचे स्वतःचे बालपण कष्टात गेले असेल, त्यांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे. मेंदूची घडण लहानपणी वेगाने होते, पण ती लहानपणीच संपत नाही. एक विश्वासाचे माणूस, मग ते शिक्षक असो, मामी असो की शेजारी, आयुष्यात उशिरा आले तरी व्यर्थ जात नाही.

दुसरा इशारा मातांविषयीचा. बोल्बी यांच्या प्रतिपादनाचा काहींनी असा अर्थ केला, की आईने क्षणभरही मुलापासून दूर जाऊ नये. कामावर जाणाऱ्या स्त्रिया मुलांचे नुकसान करतात. रटर यांनी १९७२ साली या विषयाची फेरतपासणी करून हा गैरसमज दूर केला. मुलाला नाते हवे असते. ते एकाच व्यक्तीशी असावे असा नियम नाही. आजी, आत्या, थोरली बहीण, वडील, यांपैकी कोणीही ओळखीचे, स्थिर आणि हाकेला ओ देणारे असले म्हणजे झाले. आपल्या जुन्या घरांत एका पाळण्याची दोरी चार हातांत असे. मात्र एकत्र कुटुंबाच्या नावाने गहिवरून जाण्याचेही कारण नाही. त्याच घरांत अबोल भयही पुष्कळ नांदत असे.

मग करावयाचे काय? महाराष्ट्राला या विचाराचा वारसा नवा नाही. गिजुभाई बधेकांसमवेत भावनगर येथे काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ साली ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले बालवाडीत येत नाहीत, तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात न्यावी, ही त्यांची साधी कल्पना. मेंदूच्या प्रतिमा काढणारी यंत्रे त्यांच्यापाशी नव्हती. आदिवासी मुलाला न्हाऊ-माखू घालून, त्याच्याशी बोलून, गाणी म्हणून त्याचे मिटलेले मन कसे उमलते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला. आज तिच्याकडे आपण बहुधा खिचडी आणि वजनकाटा म्हणूनच पाहतो. खिचडी हवीच, उपाशी मेंदू वाढत नाही. पण त्या खोलीत मुलाशी कोणी बोलते काय, हाही तितकाच मोठा प्रश्न आहे.

दरवर्षी दसरा उलटला की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीसाठी हजारो कुटुंबे घर सोडतात. फडाच्या बांधावर झोळीत तान्हे मूल आणि पहाटेपासून कोयता चालवणारी त्याची आई, हे दृश्य पुष्कळांनी पाहिलेले आहे. त्या आईच्या ठिकाणी माया कमी आहे असे कोण म्हणेल? तिच्यापाशी वेळ नाही, विसावा नाही, पुरेसे अन्न नाही. गरिबी म्हणजे हेळसांड नव्हे. पण गरिबी माणसाजवळून हाकेला ओ देण्याची फुरसत काढून घेते. म्हणून अशा ठिकाणी आईला उपदेश करून भागत नाही. फडाजवळ पाळणाघर उभे करावे लागते, आणि तेथे सांभाळणारी बाई हंगामभर तीच राहील हे पाहावे लागते. कायद्याने २०१७ सालापासून नोकरदार मातांना पहिल्या दोन अपत्यांच्या वेळी २६ आठवड्यांची रजा दिली आहे. कोयता चालवणारीच्या पदरात त्यातले काय पडते, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

निराधार मुलांच्या बाबतीतही रुमानियाचा धडा आपल्याला लागू आहे. त्या देशाने २००४ सालच्या कायद्याने दोन वर्षांखालील मुलांना, गंभीर व्यंग असलेली मुले वगळता, संस्थेत ठेवण्यास बंदी केली. आपल्या २०१५ च्या बालन्याय कायद्यानेही दत्तकाबरोबर प्रतिपालक कुटुंबाची वाट मोकळी केली असून संस्था हा शेवटचा उपाय मानला आहे. कायदा दार उघडतो. आत जाण्यासाठी घरे पुढे यावी लागतात. आणि येथे विलंबाची किंमत रुपयांत मोजता येत नाही. मोठ्या माणसाच्या आयुष्यात सहा महिने कागदपत्रांत गेले तर फारसे बिघडत नाही. तान्ह्या मुलाचे ते अर्धे बालपण असते. एखाद्या टेबलावर पडून असलेल्या फायलीत वस्तुतः एका मेंदूची विणकर थांबलेली असते.

अनाथालयात न रडणारी मुले शहाणी नसतात, हे बुखारेस्टने जगाला शिकविले. आपल्या घरात, शेजारात किंवा वर्गात एखादे मूल फार गप्प असेल, किंवा फारच अनावर असेल, तर त्याचे पाय पाहून भविष्य सांगण्याची घाई करू नये. त्याच्या पाळण्याची चौकशी आधी करावी. आणि अपरात्री शेजारच्या खोलीतून तान्हे मूल रडू लागले, झोपमोड झाली, तर थोडे समाधानही मानावे. कोणी तरी येईल अशी त्याची अजून खात्री आहे.